नऊ एकांचा वर्ग

शेजारची आठवीतली मुलगी परवा मगरिबनंतर वही घेऊन दारात उभी. "आपा, मोबाइल चुकतो का हो?"

मीच तिला 111111111 ला त्याच संख्येने गुणायला सांगितले होते. मोबाइलवर आले 1.2345679, पुढे ई आणि 16. भाऊ हसला, "तुझं चुकलं." तिने वहीतले उत्तर खोडून टाकले होते. पण खोडरबराखालून अजून वाचता येत होते: 12345678987654321. अगदी बरोबर! मोबाइलच्या पडद्यावर सतरा आकडे मावत नाहीत, म्हणून तो अंदाजे सांगतो, एवढेच.

हे उत्तर असे का येते, ते तिच्या वहीतच दिसत होते. एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उभी बेरीज केली की कडेला एक, मग दोन, तीन, मधल्या रांगेत नऊ, आणि पुन्हा उतरण. हातचा कुठेच नाही. दहा एक घेतले तर मध्ये दहा होतात, हातचा येतो आणि डौल मोडतो: 1234567900987654321. मुले पुढेही तसेच चालेल असे धरून चालतात. मीही एकदा वर्गात तसे सांगून बसले होते!

अशा संख्यांना 'डेम्लो संख्या' हे नाव दिले द. रा. कापरेकर यांनी. त्यांचा जन्म 1905 चा, आपल्या डहाणूचा. डेम्लो हे डोंबिवली स्टेशनचे जुने नाव. तिथे त्यांना या संख्या सुचल्या. पदवी बी.एस्सी., आणि 1930 ते 1962 देवळालीच्या शाळेत मास्तरकी. मासवणहून डहाणू किती जवळ, पण आमच्या मुलांना हे नाव ठाऊक नसते.

अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला त्यांनी 'हर्षद' म्हटले. मुलीने बेरीज केली, 81 आली. मग भागाकार. चहा निवला, तिची अम्मी दोनदा हाक मारून गेली. उत्तर 152415789971041, बाकी शून्य.

संख्या वाचायची कशी, यावर आम्ही अडलो. उर्दूच्या मोजणीत बारा पद्म, चौतीस नील, छप्पन्न खरब, अठ्ठ्याहत्तर अरब, अठ्ठ्याण्णव करोड, शहात्तर लाख, चोपन्न हजार तीनशे एकवीस. (उर्दूचा खरब म्हणजे शंभर अरब, मराठीचा खर्व मात्र दहा अब्जांचाच. घोटाळा करू नका.) उर्दूत मजकूर उजवीकडून वाचायचा आणि आकडे डावीकडून, लहानपणी माझी यात फार गफलत व्हायची. ही संख्या कुठूनही वाचा, तीच.

अम्मी तिसऱ्यांदा आली ती रागातच. "हिला गणित जमत नाही, आपा. दहावीनंतर सोडूनच देऊ म्हणतो आम्ही." मी काही बोलले नाही, वही त्यांच्या हातात दिली. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग मुलीला म्हणाल्या, "खोडलंस कशाला? पेनाने लिही."