माळ्यावरची विणकामाची पिशवी



डोंबिवलीतील एका परिचित कुटुंबातील सून परवा भेटली. तिचे बाळ आता दहा महिन्यांचे आहे. बोलता बोलता ती म्हणाली, "मावशी, सातव्या महिन्यात बाळासाठी स्वेटर विणायला घेतला होता. पाठ पूर्ण झाली, पुढचा भाग अर्धाच राहिला. आता तो याला बसणारही नाही. पिशवी माळ्यावर आहे, पण काढायचे धैर्य होत नाही."

अशी पिशवी पुष्कळ घरांत असते. बाळंतपणानंतर दिवस आपला राहत नाही, आणि अर्धवट विणकाम तर प्रत्येक वेळी तेच सांगत बसते. म्हणून प्रथम त्या स्वेटरचा निकाल लावावा. थोडेच काम उरले असेल आणि माप चालणार असेल, तर सुईजवळच्या तीन-चार ओळी उसवून तेथून पुढे विणावे. महिनोन्महिने सुईवर ताणलेले टाके सैल पडतात. शिवाय मधल्या काळात हाताचा ताणही बदललेला असतो. तसेच पुढे विणत गेल्यास त्या जागी कायमची रेघ दिसते. माप लहान झाले असेल, तर सरळ सगळे उसवावे. धागा खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करावी, चार ठिकाणी सैल बांधावी, कोमट पाण्यात भिजवून सावलीत टांगावी. धाग्याच्या वळ्या बऱ्याच अंशी निघून जातात. व्यापाऱ्याच्या घरात हे समजावून सांगायला नको : माल पडून राहिला, भांडवल बुडालेले नाही.

आपल्या घरांत दुसरा प्रश्न निघतोच, लोकर चालते का? काही घरांत मेंढीची लोकर वर्ज्य मानतात. दुसरीकडे श्वेतांबर परंपरेत साधू-साध्वींचे रजोहरण आणि सामायिकाचे कटासणे लोकरीचेच असते. ज्याने त्याने आपल्या गुरुमहाराजांना विचारावे. मात्र बाजारात 'लोकर' म्हणून मिळणारा धागा बहुतेकदा ॲक्रिलिकचा असतो, हे वेष्टन वाचल्यावर कळते. भगवान महावीरांचे जन्मनाम धारण करणारी लुधियानाची 'वर्धमान' गिरणी १९६५ साली सुरू झाली. तिचे गुंडे आपल्याकडे घरोघरी आले, त्यांतही ॲक्रिलिक पुष्कळ. ॲक्रिलिकला कसर लागत नाही, म्हणजे डांबरगोळ्यांची हिंसाही टळते. पूर्वीची लोकर डांबरगोळ्यांत ठेवलेली असेल, तर धुऊन, भरपूर ऊन दिल्याशिवाय तान्ह्याजवळ नेऊ नये. त्यांच्या वाफेने काही बाळांच्या तांबड्या रक्तपेशी फुटून कावीळ होऊ शकते. आणि खरे सांगायचे तर ठाणे-कल्याणच्या हवेत सुती धागाच बरा. जाड स्वेटर शिखरजीच्या हिवाळी यात्रेपुरता.

धाग्याचे जमते, वेळेचे अवघड. चोविहार पाळणाऱ्या घरात सूर्यास्तापूर्वी स्वयंपाकघर आवरते. पुरुष मंडळी दुकानातून येईपर्यंतची संध्याकाळ रिकामी, असे बाहेरच्याला वाटेल. प्रत्यक्षात ती बाळाच्या रडण्यात आणि उरलेली मोबाइलमध्ये जाते. त्याच वेळी सासूबाई सामायिकाला बसतात. अठ्ठेचाळीस मिनिटे त्यांना कोणी हाक मारीत नाही. लहान मूलसुद्धा हे शिकते. विणकामाला सामायिकाची सर येणार नाही, हे उघड आहे. परंतु एका माणसाचा वेळ राखायचा कसा हे ज्या घराला येते, त्याला सुनेची वीस मिनिटे राखता येऊ नयेत का? २०१३ साली एका ब्रिटिश नियतकालिकात ३,५४५ विणणाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. वारंवार विणणाऱ्यांनी आपले मन अधिक शांत आणि आनंदी असल्याचे नोंदवले होते.

वीस मिनिटे मी जाणूनच म्हटले. बाळाला सतत उचलल्याने अंगठ्याकडील मनगट दुखणे नव्या मातांत नेहमीचे आहे. या दुखण्याचे वर्णन १८९५ साली स्विस शल्यवैद्य द केर्व्हँ यांनी केले आणि ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. विणताना ते दुखू लागले, तर सुया ठेवून डॉक्टरांना दाखवावे. आणि रांगत्या बाळाच्या हाती सुई लागणार नाही, इतक्या उंचावर पिशवी असावी.

त्या सुनेने स्वेटर उसवला. नव्याने मोठे काही घेऊ नकोस, असे मी सुचवले होते. तिने सुती धाग्याचे चाळीस टाके घालून स्वतःच्या नवकारवाळीसाठी छोटी पिशवी घेतली आहे. एक ओळ सुलट, एक उलट. सासरे दुकानातून आले, तेव्हा सुया पाहून म्हणाले, "बाळासाठी का?" बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या सासूबाईंनीच उत्तर दिले, "नाही, तिच्यासाठी."

काल तिचा फोन आला. एकविसाव्या ओळीत टाका सुटला आहे, चार ओळी खाली घसरला आहे. क्रोशाची सुई घेऊन गुरुवारी जाणार आहे.