विश्लेषण : गाडीला प्रोजेक्टर हेडलाइट बसवणे किती सुरक्षित, किती कायदेशीर?

कंपनीने दिलेले हेडलाइट काढून त्या जागी बाजारातून आणलेले प्रोजेक्टर किंवा एलईडी दिवे बसवण्याचे प्रमाण वाढले आहे. ‘रात्री दिसतच नाही’ ही वाहनचालकांची तक्रार अनेकदा खरी असते. मात्र एका गाडीला मिळालेला जास्तीचा उजेड समोरच्या चालकाला काही क्षण आंधळे करत असेल, तर रस्ता दोघांसाठीही धोक्याचा होतो. हे दिवे निवडताना आणि बसवताना नेमके काय पाहावे आणि कायद्याची भूमिका काय, याचा हा आढावा.

मूळ हेडलाइट अपुरे का वाटतात?

भारतातील असंख्य मोटारींमध्ये आजही ‘एच ४’ प्रकारचा हॅलोजन बल्ब असतो. त्याची क्षमता ६०/५५ वॉट. डिपरवर तो साधारण एक हजार ल्युमेन, तर अप्परवर सुमारे १६५० ल्युमेन प्रकाश देतो. हे आकडे १३.२ व्होल्ट दाबाला मिळतात. वायरिंग जुने असेल, अर्थिंग सैल असेल आणि बल्बपर्यंत १२ व्होल्टच पोहोचत असतील, तर उजेड पाव हिश्शाहून अधिक घटतो. त्यात हेडलाइटची पॉलिकार्बोनेटची काच उन्हाने पिवळी पडलेली असते.

दुसरे कारण रस्त्यांचे. दुभाजक नसलेले राज्यमार्ग, पुसट झालेले पांढरे पट्टे आणि गाळप हंगामात मागे साधा रिफ्लेक्टरही नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या हे चित्र पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यात नवे नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४ लाख ६१ हजार ३१२ अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. सर्वाधिक अपघात सायंकाळी ६ ते रात्री ९ या वेळेतले होते. अतिवेग, मद्यपान, उलट दिशेने वाहन चालवणे, मोबाइल अशी कारणे या अहवालात स्वतंत्रपणे मोजली जातात. डोळे दिपल्यामुळे झालेल्या अपघातांसाठी मात्र त्या यादीत वेगळा रकाना नाही.

प्रोजेक्टर नेमके काय करतो?

साध्या हेडलाइटमध्ये बल्बचा प्रकाश मागच्या आरशासारख्या वाटीवर, म्हणजे रिफ्लेक्टरवर, आपटून थेट रस्त्यावर पडतो. प्रोजेक्टरमध्ये वाटी लंबवर्तुळाकार असते. ती प्रकाश एका बिंदूपाशी गोळा करते, तिथे धातूची छोटी पट्टी प्रकाशाचा काही भाग अडवते आणि पुढचे बहिर्गोल भिंग उरलेला प्रकाश रस्त्यावर टाकते. त्या पट्टीमुळे प्रकाशाला वरून सरळ कड मिळते. कडेच्या खाली लख्ख उजेड, वर अंधार. ‘बाय-प्रोजेक्टर’मध्ये अप्पर लावताच विद्युतचुंबकाच्या साहाय्याने ही पट्टी बाजूला होते आणि पूर्ण झोत मिळतो.

म्हणजे प्रोजेक्टरचा मूळ गुण प्रखरता नसून शिस्त हा आहे. नीट बसवलेला प्रोजेक्टर समोरच्याच्या डोळ्यांत हॅलोजनपेक्षाही कमी प्रकाश टाकू शकतो. मात्र कड एवढी ठळक असल्याने तो थोडा जरी वर झुकला, तरी त्रास साध्या दिव्यापेक्षा कितीतरी जास्त होतो.

फक्त एलईडी बल्ब टाकला तर?

हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त केला जाणारा बदल. दहा मिनिटांत होतो, गाडीचे काही उघडावे लागत नाही आणि उजेड लगेच वाढल्यासारखा वाटतो. अडचण रिफ्लेक्टरच्या रचनेत आहे. हॅलोजन बल्बची बारीक तार नेमकी कुठे असेल, हे गृहीत धरून वाटीचा आकार ठरलेला असतो. एच ४ बल्बमध्ये तर डिपरच्या तारेखाली प्रकाश अडवणारी छोटी वाटीही असते. एलईडी बल्बमध्ये चिप दोन बाजूंना असतात, त्यांचा आकार आणि जागा तारेशी तंतोतंत जुळत नाही. परिणामी प्रकाश ठरलेल्या कडेच्या वर फुटतो. चालकाला गाडीपुढचे वीस मीटर लख्ख दिसतात, तर समोरच्याला फक्त पांढरा गोळा दिसतो.

गाडीपुढच्या या लख्ख उजेडाचा तोटा स्वतः चालकालाही होतो. जवळचा रस्ता फार उजळला की डोळ्यांच्या बाहुल्या आकुंचन पावतात आणि लांबचा अंधार आणखी गडद वाटतो. जास्त उजेड म्हणजे जास्त लांबचे दिसणे, हे समीकरण इथेच चुकते.

निवड करताना काय पाहावे?

मुंबईतील ऑपेरा हाऊस परिसर असो, पुण्याची नाना पेठ असो वा दिल्लीचे करोलबाग, दुकानात चर्चा वॉट आणि ‘व्हाइटनेस’ची होते. खरे प्रश्न वेगळे आहेत.

पहिला प्रश्न बाजूचा. भारतात वाहने डावीकडून चालतात. म्हणून डिपरची कड उजवीकडे खाली आणि डावीकडे किंचित वर चढलेली असते, जेणेकरून कडेचा पादचारी, सायकलस्वार किंवा पाटी दिसावी. उजवीकडून वाहतूक चालणाऱ्या देशांसाठी बनलेल्या प्रोजेक्टरमध्ये हे उलट असते. तो इथे बसवला तर चढलेली कड नेमकी समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाते. ‘ई’ मार्क असलेल्या हेडलाइटवर याची खूण असते. फक्त डाव्या बाजूच्या वाहतुकीसाठीच्या दिव्यावर, समोर उभे राहून पाहणाऱ्याच्या उजवीकडे रोखलेला बाण असतो. भिंतीवर झोत टाकूनही चढ कोणत्या बाजूला आहे हे लगेच कळते.

दुसरा प्रश्न रंगाचा. हॅलोजनचा प्रकाश सुमारे ३२०० केल्विनचा, पिवळसर असतो. कंपनीतून येणारे झेनॉन दिवे साधारण ४३०० केल्विनचे असतात. ६००० केल्विनच्या पुढे निळसर छटा वाढते. झेनॉनमध्ये केल्विन वाढवल्यास प्रत्यक्ष प्रकाश उलट घटतो. निळसर प्रकाश डोळ्यांत अधिक विखुरतो. त्यामुळे वयस्कर चालकांना त्याचा त्रास जास्त होतो. पावसाळी घाटात ८००० केल्विनचा दिवा दिमाखदार दिसतो, पण उपयोगाला येत नाही.

तिसरा प्रश्न जोडीचा. हेडलाइटची चाचणी आणि मान्यता त्यातील ठरावीक प्रकाशस्रोतासह होते. हॅलोजनसाठी बनलेल्या प्रोजेक्टरमध्ये झेनॉन किंवा एलईडी बल्ब घातला की ती जोडी मोडते. अनेक मॉडेलच्या खालच्या श्रेणीत साधा हेडलाइट आणि वरच्या श्रेणीत कंपनीचाच प्रोजेक्टर असतो. तो संपूर्ण संच बसवणे हा खर्चीक, पण तांत्रिकदृष्ट्या सर्वांत सरळ मार्ग. त्यातही कनेक्टर आणि वायरिंग जुळते का, हे आधी तपासावे लागते.

बसवताना चुका कुठे होतात?

मूळ हेडलाइटमध्येच प्रोजेक्टर बसवायचा तर तो उष्णता देऊन उघडावा लागतो. आतला चिकट थर मऊ झाला की काच निघते. पुन्हा बंद करताना हा थर नीट बसला नाही, तर पहिल्याच पावसात काचेच्या आत बाष्प धरते आणि वाटीचा चकाकता मुलामा हळूहळू जातो. दोन्ही बाजूंचे प्रोजेक्टर एकाच पातळीत आणि न फिरता बसणे हे कौशल्याचे काम आहे. एक जरी तिरका बसला तर कड आडवी न राहता उतरती दिसते आणि नंतर स्क्रू फिरवून ती सुधारत नाही.

विजेचा भागही दुर्लक्षिला जातो. झेनॉन दिवा पेटताना त्याचा बॅलास्ट क्षणभर २० हजार व्होल्टच्या आसपास दाब निर्माण करतो. एलईडीला उष्णता बाहेर टाकण्यासाठी मागे पंखा किंवा धातूच्या पट्ट्या लागतात, त्यांना मोकळी हवा हवी. रिले आणि फ्यूज असलेली वेगळी जोडणी न करता मूळ वायर कापून जोड दिल्यास शॉर्टसर्किटचा धोका राहतोच, शिवाय वॉरंटीचा प्रश्न उभा राहतो.

एका अंशाने किती फरक पडतो?

अनेक गाड्यांच्या हेडलाइटवर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर ‘१ टक्का’ अशी खूण असते. त्याचा अर्थ, झोताची कड दर दहा मीटरला दहा सेंटिमीटर खाली यावी. हेडलाइट जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर असेल, तर कड ६५ मीटरवर रस्त्याला टेकते. आता हाच दिवा फक्त एक अंश वर झुकला असे समजा. कड रस्त्याला टेकतच नाही, उलट चढत जाते. पन्नास मीटरवर ती सुमारे एक मीटर उंचीवर, तर शंभर मीटरवर जवळपास १ मीटर ४० सेंटिमीटरवर असते. छोट्या मोटारीच्या चालकाचे आणि दुचाकीस्वाराचे डोळे याच पट्ट्यात येतात.

ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. दोन सेकंद डोळे दिपले, तर ४४ मीटर अंतर अंदाजाने कापले जाते. पुढे दिवा नसलेली ट्रॉली असेल, तर एवढे अंतर पुरेसे आहे.

इथेच खरी मेख आहे. कितीही महागडा प्रोजेक्टर लावला तरी डिपरचा पल्ला दिव्याची उंची आणि झुकाव यांवर ठरतो, ल्युमेनवर नाही. कडेच्या वर अंधार दिसतो म्हणून ‘फोकस थोडा वर घ्या’ अशी मागणी होते आणि गॅरेजवाला स्क्रू फिरवून देतो. प्रोजेक्टरचा फायदा तिथेच संपतो. फोकस सेट करताना सपाट जागा, टायरमध्ये योग्य हवा, चालकाच्या जागी माणूस आणि डॅशबोर्डवरील लेव्हलर शून्यावर असावा. भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करून, भिंगाच्या मध्याच्या उंचीपेक्षा दहा सेंटिमीटर खाली कड येते का, हे पाहावे. मागे चार माणसे आणि सामान असेल तर नाक वर उचलले जाते. त्यासाठीच लेव्हलर असतो.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करण्यास मनाई करते. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात, उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असे स्पष्ट केले. हेडलाइटचा तपशील ‘आरसी’वर नसतो, म्हणून हे कलम लागू होत नाही, असा युक्तिवाद केला जातो. मात्र दिव्यांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत स्वतंत्र तरतुदी आहेत आणि समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत अशी झोताची रचना हवी, हे त्यांचे सूत्र आहे.

२०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ (४) नुसार परवानगी नसलेले सुटे भाग बसवून बदल केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. रस्ता सुरक्षेच्या मानकांचा भंग करून वाहन चालवल्यास कलम १९० (२) खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

अंमलबजावणीत अडचण कोणती?

रस्त्यावर उभ्या पोलिसाला पांढरा दिवा दिसतो, झोताचा कोन दिसत नाही. त्यामुळे कंपनीचा एलईडी असलेला चालक आणि बाजारातला बल्ब टाकलेला चालक यांत फरक करणे कठीण जाते. व्यावसायिक वाहनांच्या योग्यता तपासणीत हेडलाइट पाहिले जातात. खासगी मोटारीची नोंदणी मात्र १५ वर्षांसाठी असते. पीयूसीसाठी गाडी दरवर्षी केंद्रावर जाते, पण तिथे फक्त धूर मोजला जातो. म्हणजे खासगी गाडीच्या दिव्यांचा झुकाव दीड दशक कोणीही मोजत नाही.

ब्रिटनमध्ये तीन वर्षे जुन्या मोटारीपासून दरवर्षी होणाऱ्या तपासणीत झोताची दिशा पाहिली जाते आणि हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये झेनॉन किंवा एलईडी बल्ब आढळल्यास मोटार नापास होते. जर्मनीने २०२० पासून काही एलईडी बल्बना मान्यता दिली, पण ती सरसकट नसून चाचणी झालेल्या ठरावीक मॉडेलपुरती आहे. झोत मोजणारे यंत्र पीयूसी केंद्रावर ठेवणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. तोवर वाहनचालकाच्या हाती स्वस्त उपाय आहेतच. काच घासून स्वच्छ करणे, रिलेसह वायरिंग सुधारणे, मान्यताप्राप्त कंपनीचा नवा हॅलोजन बल्ब घालणे आणि फोकस मोजून सेट करणे. अनेक गाड्यांमध्ये ‘दिसत नाही’ ही तक्रार एवढ्यावरच मिटते. त्यानंतरही प्रोजेक्टर हवाच असेल, तर निदान त्याची गरज खरी आहे, हे कळलेले असते.