मातीच्या ढिगाचा जमाखर्च

गेल्या ज्येष्ठात आंबेगाव तालुक्यातल्या एका दगडखाणीची पर्यावरण तपासणी पाहण्याचा योग आला. परिचयातले एक अधिकारी निघाले होते. त्यांच्याबरोबर मीही गेलो. कचेरीत चहा झाला, जाडजूड फाइल पुढे आली. खडीयंत्रावर पाण्याचे फवारे होते, डिझेलच्या टाकीभोवती बांध होता, कामगारांसाठी संडास होते. सगळे ठीक. मग अधिकाऱ्यांनी विचारले, "वरची माती कुठे ठेवलीय?" मुकादमाने डोके खाजवले. "ती होय साहेब? ती ओढ्याकडं लोटलीय." जाऊन पाहिले तर उघडाबोडका ढीग, त्यात मुरूम आणि दगड कालवलेले, आणि पायथ्याशी ओढा. पाऊस आठवड्यावर आलेला!

दगडाच्या खाणीत मातीचे एवढे काय, असे कुणालाही वाटेल. पण आपल्या घरातली गृहिणी सगळ्या दह्याची कढी करीत नाही. वाटीभर विरजण बाजूला काढून ठेवते. कातळावरची वीतभर माती हे त्या जमिनीचे विरजण आहे. बियाणे, मुळ्या, गांडुळे, डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव तिच्यातच असतात. इंचभर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. उद्या दगड संपेल, खड्डा उरेल. त्याच्या काठावर पुन्हा गवत आणि झाड धरायचे, तर हेच विरजण हाताशी हवे.

ते जपण्याची रीत अवघड नाही. माती आधी अलगद काढावी, मुरमात मिसळू नये. ढीग बसका ठेवावा. उंच ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही आणि माती निर्जीव होते. भोवती चर खणावा, वर ताग किंवा गवत पेरावे आणि वर्षानुवर्षे न साठवता ती लवकर वापरावी.

कायदा नाही असेही नाही. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लहान खाणींनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली. अशा मंजुरीत वरची माती वेगळी साठवण्याची अट सहसा असते. अटी पाळल्याचा अहवाल दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. गंमत पाहा, दोन्ही तारखा अशा, की जुन्नर-आंबेगावचा खरा परीक्षक, म्हणजे आषाढ-श्रावणातला पाऊस, त्या वेळी हजर नसतो!

त्या पावसाची ओळख या मुलखाला नव्याने करून द्यायला नको. ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले; १५१ माणसे गेली. तिथे खाण नव्हती, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण मुसळधार पावसाबरोबरच उतारावर झालेले सपाटीकरण आणि पाण्याच्या अडलेल्या वाटा यांचीही चर्चा तेव्हा तज्ज्ञांनी केली. याच भागातले आदिवासी शेतकरी पिढ्यान् पिढ्या पडकई करून, एकमेकांच्या मदतीने, हातांनी भातखाचरे रचत आले. माती हलवायची तर पाण्याला विचारून हलवावी, हे त्यांना ठाऊक होते. यंत्राला ते ठाऊक नसते. ते यंत्र चालवणाऱ्याला ठाऊक असावे लागते.

आणि ओढ्यात गेलेली माती जाते कुठे? घोडवरच्या डिंभे धरणात, कुकडीवरच्या येडगावात. ज्या पाण्यावर नारायणगावचा टोमॅटो आणि मंचरचा कांदा पिकतो, त्याच्याच जागेत ती गाळ होऊन बसते. वर शेत गेले, खाली पाणी घटले. एकाच मातीचा दुहेरी तोटा.

खाणी बंद करा, असे मी म्हणत नाही. आपली घरे आणि पुणे-नाशिक रस्ता खडीवाचून झालेले नाहीत. माझे मागणे इतकेच, की तपासणी फाइलीपासून नव्हे, मातीच्या ढिगापासून सुरू व्हावी; एक फेरी भर पावसात व्हावी; आणि काढलेली माती किती, ठेवलेली किती, परत पसरलेली किती, याचा फलक खाणीच्या दाराशी गावाला वाचता येईल असा लागावा. ग्रामसभेने तो दरवर्षी मोठ्याने वाचून घ्यावा.

परतताना पुलावरून त्याच ओढ्यात डोकावलो. पाणी अजून आले नव्हते. चर खणायला आठ दिवस हातात होते. मुकादमाने 'करतो' म्हटले होते. श्रावणात पुन्हा जाऊन ओढ्याच्या पाण्याचा रंग पाहायचा, असे मी ठरवून टाकले.