धुलाई यंत्रांचे बिघाड मोजणार कोण?

डिसेंबर २०२२मध्ये अमेरिकेत सॅमसंग कंपनीने वरून उघडणारी सुमारे ६ लाख ६३ हजार धुलाई यंत्रे सदोष असल्याचे जाहीर केले. यंत्रातून धूर येणे, भाग वितळणे, अतिउष्णता किंवा प्रत्यक्ष आग अशा ५१ तक्रारी तोवर नोंदवल्या गेल्या होत्या. त्यांपैकी तिघांना धुरामुळे त्रास झाला होता. मात्र, यातील खरी नवलाई उपायाची होती. कोणी कारागीर घरी येणार नव्हता आणि कोणताही सुटा भाग बदलला जाणार नव्हता. इंटरनेटशी जोडलेल्या यंत्रांत नवे सॉफ्टवेअर आपोआप उतरणार होते आणि ज्यांच्याकडे अशी जोडणी नव्हती, त्यांना त्यासाठीचे छोटे उपकरण कंपनी पाठवणार होती. कपडे धुण्याचे यंत्र आता संगणकही झाले आहे, याचा इतका रोकडा पुरावा शोधून सापडला नसता.

याच कंपनीवर सहा वर्षांपूर्वी ओढवलेला प्रसंग याहून मोठा होता. नोव्हेंबर २०१६मध्ये अमेरिकेच्या ग्राहकोपयोगी वस्तू सुरक्षा आयोगाने ३४ मॉडेलांची सुमारे २८ लाख यंत्रे माघारी बोलावत असल्याची घोषणा केली. जोराने फिरताना ड्रमचा तोल जाई, यंत्र हादरे आणि वरचे आवरण सुटून उडे. अशा ७३३ तक्रारी होत्या, नऊ जण जखमी झाले होते आणि त्यांतील एकाचा जबडा मोडला होता. घरातील एका पांढऱ्या खोक्याने माणसाचा जबडा मोडावा, हे ऐकायला विचित्र वाटते. पण साधे गणित केले तर नवल वाटू नये. २५ सेंटिमीटर त्रिज्येचा ड्रम मिनिटाला १२०० फेरे घेतो, तेव्हा त्याचा काठ ताशी ११० किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असतो आणि तेथील कपड्यांवर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ४०० पट बल पडते. म्हणजे एका बाजूला अर्धा किलो ओले वजन जास्त साचले, तर यंत्राला दर फेरीत सुमारे २०० किलो वजनाचा हिसका बसतो. पाणी न झिरपणारे कापड किंवा जाड अंथरूण एका बाजूला गोळा झाले, की हेच घडते. हा हिसका ओळखून वेग कमी करण्याचे काम संवेदक आणि स्प्रिंगांनी चोख केले नाही, तर खोके टिकणार कसे?

ब्रिटनमधील प्रकरण वेगळे आहे आणि अधिक बोलके आहे. डिसेंबर २०१९मध्ये व्हर्लपूल कंपनीने तेथे हॉटपॉइंट आणि इंडेसिट या नावांनी २०१४पासून विकलेली ५ लाख १९ हजारांपर्यंत यंत्रे माघारी घेत असल्याचे जाहीर केले. दोष मोटरमध्ये नव्हता की ड्रममध्ये नव्हता. तो दाराच्या कुलपात होता. पाणी तापवणारा हीटर सुरू झाला, की या कुलपाचा विद्युतभाग जास्त तापत असे. त्यातून लागलेल्या ७९ आगींची नोंद होती. त्यामुळे दुरुस्ती होईपर्यंत गार पाण्यातच कपडे धुवा, असा सल्ला ग्राहकांना दिला गेला. ऑस्ट्रेलियात २०१३मध्ये माघारी बोलावलेल्या सॅमसंगच्या सुमारे १ लाख ४४ हजार यंत्रांत तारांच्या जोडावर बाष्प साचून आगी लागत होत्या. त्या जोडाभोवती प्लास्टिकची पिशवी गुंडाळून चिकटपट्टी लावणे हा दुरुस्तीचा एक प्रकार होता, हे तेथील ग्राहकांना उशिरा कळले आणि साहजिकच संताप उसळला.

या सर्व उदाहरणांतील आकडे पुन्हा पाहावेत. ५१, ७३३, ७९. लाखो यंत्रांच्या मानाने हे आकडे क्षुल्लक आहेत. कोणत्याही एका घरातून पाहिले, तर प्रत्येक घटना म्हणजे निव्वळ दुर्दैव. कोठेतरी बसून कोणीतरी मॉडेल आणि उत्पादनाच्या वर्षासह या तक्रारी एका वहीत लिहिल्या, म्हणूनच त्या दुर्दैवाचा दोष झाला आणि कंपनीला कबुली द्यावी लागली. अमेरिकेत २०११पासून अशी तक्रारवही सर्वांसाठी खुली आहे.

आपल्याकडे काय होते? सदनिकेत आग लागते, अग्निशमन दलाचे बंब येतात आणि दुसऱ्या दिवशी बातमीत ‘शॉर्ट सर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज’ हे ठरावीक वाक्य छापले जाते. वस्तुतः शॉर्ट सर्किट हे कारण नव्हेच. ते घटनेचे नाव आहे. शॉर्ट सर्किट कशात झाले, ते उपकरण कोणत्या कंपनीचे, कोणत्या मॉडेलचे, किती जुने, त्याला अर्थिंग होते की नव्हते, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या वाक्यात नसते. (यात आम्हा पत्रकारांचाही वाटा आहेच.) विजेमुळे प्राणहानी वा इजा झाल्यास विद्युत निरीक्षकाला कळवावे आणि त्याची चौकशी व्हावी, अशी तरतूद २००३च्या विद्युत कायद्याच्या कलम १६१मध्ये आहे. पण ग्राहकाला आपल्या यंत्राचा मॉडेल क्रमांक टाकून पाहता येईल, अशी उघडी वही त्यातून उभी राहिलेली नाही.

त्यात आपली परिस्थिती या यंत्रांना प्रतिकूलच आहे. समोरून उघडणाऱ्या यंत्रात साधारण दोन हजार वॉटचा हीटर असतो. तो २३० व्होल्टवर जवळजवळ नऊ अॅम्पिअर वीज ओढतो आणि आपण त्याची पिन सहा अॅम्पिअरच्या बोर्डात किंवा ‘एक्स्टेन्शन’मध्ये बसवतो. जुन्या चाळींत आणि वाड्यांत दोनच तारांची वायरिंग असते, तिसरी तार नावापुरती. यंत्रातील इलेक्ट्रॉनिक गाळणी अर्थिंगच्या भरवशावर असते. अर्थिंग नसले, की पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येतात. गृहिणी त्या ‘थोडा करंट येतो’ म्हणून सोडून देतात. तीच ओल्या फरशीवर उद्या मोठ्या धक्क्याची पूर्वसूचना असू शकते. बोअरवेलच्या आणि टँकरच्या पाण्यातील क्षार हीटरवर थर धरतात, ते वेगळेच.

शिवाय, लहान मुले. फेब्रुवारी २०१७मध्ये दिल्लीतील रोहिणी भागात तीन वर्षांच्या जुळ्या भावांचा वरून उघडणाऱ्या यंत्रातील पाण्यात बुडून मृत्यू झाला. यंत्रात काही बिघाड नव्हता. झाकण उघडे होते, आत पाणी होते आणि आसपास मोठे माणूस काही मिनिटे नव्हते, एवढेच.

सुरक्षितता आणि टिकाऊपणा हे आपण दोन वेगळे विषय मानतो. एक अग्निशमन दलाचा, दुसरा खिशाचा. ते वेगळे नाहीत, हे कळण्यासाठी एखाद्या दुरुस्ती करणाऱ्याच्या शेजारी अर्धा तास उभे राहणे पुरेसे आहे. दोन टबांच्या सेमी-ऑटोमॅटिक यंत्रात सुकवणीच्या टबचे झाकण उचलले, की स्विच मोटर बंद करतो आणि ब्रेक टब थांबवतो. स्विच बिघडतो, कंपनीचा भाग महिनाभर येत नाही, घरात कपड्यांचा ढीग साचतो आणि मग ग्राहक स्वतःच म्हणतो, ‘तात्पुरते डायरेक्ट करून द्या.’ दाराच्या कुलपाचेही तेच. यंत्र पुन्हा चालू लागते आणि हात वाचवण्यासाठी ठेवलेली एकमेव व्यवस्था कायमची निकामी होते. या कारागिराला दोष देणे सोपे आहे. पण त्याच्या हाती भागच पोहोचू न देणाऱ्या व्यवस्थेला आपण काय म्हणणार?

नवी यंत्रे पूर्वीच्या मानाने कमी टिकतात, ही तक्रार केवळ आजी-आजोबांच्या आठवणींवर आधारलेली नाही. जर्मनीच्या पर्यावरण संस्थेने करवून घेतलेल्या अभ्यासानुसार, बिघाडामुळे पहिल्या पाच वर्षांतच बदलाव्या लागलेल्या मोठ्या घरगुती उपकरणांचे प्रमाण २००४मध्ये ३.५ टक्के होते, ते २०१२मध्ये ८.३ टक्क्यांवर गेले. यामागचे एक कारण यंत्राच्या पोटातच दिसते. बाहेरचा प्लास्टिकचा टब पूर्वी स्क्रूंनी जोडलेला असे. आता अनेक यंत्रांत तो वितळवून कायमचा चिकटवलेला असतो. त्यामुळे काही शे रुपयांचे बेअरिंग खराब झाले, तरी पूर्ण टब-ड्रमच बदलावा लागतो आणि त्याची किंमत ऐकून गृहस्थ नवे यंत्र घ्यायला निघतो. किंवा घरघर करणारे यंत्र तसेच वापरत राहतो. जाहिरातीत मात्र मोटरला दहा वर्षांची हमी झळकत असते. मोटर आजकाल टिकतेच; जळतो तो सर्किट बोर्ड, आणि त्याची हमी बहुधा केव्हाच संपलेली असते.

युरोपीय संघाने मार्च २०२१पासून नियम केला, की मॉडेलचे शेवटचे यंत्र बाजारात आल्यानंतर दहा वर्षे त्याचे सुटे भाग उपलब्ध असले पाहिजेत आणि ते कामाच्या पंधरा दिवसांत मिळाले पाहिजेत. नियम स्वागतार्हच आहे. पण कंपन्यांसाठी त्यात एक खिडकी उघडी राहिली. ड्रम, त्याचा आधार आणि बेअरिंग हे भाग ‘स्वतंत्रपणे किंवा एकत्रित’ दिले तरी चालतात. म्हणजे चिकटवलेला टब कायद्यात बसतो. आपल्याकडे डिसेंबर २०२२मध्ये केंद्राने ‘राइट टू रिपेअर’ संकेतस्थळ सुरू केले. त्यावर कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती द्यावी, अशी अपेक्षा आहे. अपेक्षा आणि सक्ती यांत मात्र अंतर असते.

कायदा नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२०पासून लागू झाला. रचनेतील दोषामुळे वा पुरेशी सूचना न दिल्यामुळे हानी झाली, तर उत्पादकाला भरपाई द्यावी लागते. कलम २० अन्वये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण धोकादायक वस्तू माघारी घेण्याचा आदेश देऊ शकते. हा अधिकार कागदावरच आहे, असेही नाही. ऑगस्ट २०२२मध्ये मानकात न बसणारे प्रेशर कुकर विकल्याबद्दल प्राधिकरणाने अॅमेझॉनला २,२६५ आणि फ्लिपकार्टला ५९८ कुकर परत घ्यायला लावले, ग्राहकांचे पैसे परत करायला सांगितले आणि प्रत्येकी एक लाख रुपये दंड केला.

कुकरच्या बाबतीत हे जमले, कारण तेथे आयएसआय चिन्ह आहे की नाही, एवढेच पाहायचे होते. चिन्ह असलेल्या, दुकानातून रीतसर घेतलेल्या यंत्राच्या कुलपात किंवा तारेच्या जोडात दोष आहे, हे सिद्ध करायचे तर एकाच मॉडेलच्या दहा-वीस घटना एकत्र मांडाव्या लागतील. त्या घटना आज सेवा केंद्रांच्या संगणकांत आहेत आणि ते संगणक कंपन्यांचे आहेत. हीटर जळला, बोर्डाला धूर आला, कुलूप वितळले, अशा प्रत्येक भेटीची नोंद मॉडेल क्रमांकासह तेथे होत असते. ती दर तिमाहीला प्राधिकरणाकडे सोपवण्याची सक्ती करायला नवा कायदा लागणार नाही, नियमावली पुरेल. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर येणाऱ्या तक्रारींतही मॉडेल क्रमांक आणि उत्पादनाचे वर्ष हे दोन रकाने आवश्यक करता येतील. हे दोन्ही तपशील यंत्राच्या मागे चिकटवलेल्या पट्टीवर छापलेले असतात. ते दिसण्यासाठी यंत्र भिंतीपासून वीतभर पुढे ओढावे लागते.