अब्बांची चिठ्ठी

रत्नागिरीहून एका भगिनीचे पत्र आले आहे. अब्बांना फुफ्फुसाचा कर्करोग आहे, मुंबईत केमो सुरू आहे. मागच्या फेरीला डॉक्टरांनी पॅलिएटिव्ह केअर विभागासाठी चिठ्ठी दिली, पण भाईजान ती खिशात घालून घरी परतले. "तिथे पाठवतात म्हणजे आता काही उरले नाही," असे त्यांचे म्हणणे. इकडे अब्बा रात्र रात्र बसून काढतात.

भगिनी, ती चिठ्ठी शोधा आणि पुढच्या फेरीला सोबत न्या. केमो चालू असतानाच दुखणे, धाप, मळमळ, मनाची घालमेल यांवर इलाज करणारा हा विभाग आहे. मूळ उपचार तो थांबवत नाही. २०१० साली बोस्टनच्या डॉक्टरांनी पसरलेल्या फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना सुरुवातीपासून ही जोड मिळाली, त्यांच्यात उदासी कमी आढळली आणि ते साधारण अडीच महिने जास्त जगले.

तुमची दुसरी भीती मॉर्फिनची. अफूपासूनची गोळी, म्हणजे नशा, म्हणून हराम तर नाही ना? गरजेपोटी, डॉक्टरांच्या मापाने घेतलेल्या औषधाला उलेमांनी मोकळीक दिली आहे. मनात खटकत असेल तर आपल्या आलिमांना जरूर विचारा, पण तोवर अब्बांना जागत ठेवू नका. दुखण्यासाठी मापात घेणाऱ्याला व्यसन क्वचितच लागते.

गोळी दुखू लागल्यावर नव्हे, घड्याळ पाहून द्यायची. बद्धकोष्ठ होतेच, म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या. सुरुवातीचे काही दिवस गुंगी येईल, ती बहुधा ओसरते. मात्र हाक मारूनही जाग येत नसेल किंवा श्वास फार मंदावला असेल, तर लगेच दवाखाना गाठा. मनाने गोळी एकदम बंद करू नका, आणि डबा मुलांपासून कुलपात ठेवा.

१९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने मॉर्फिन मिळणे अवघड झाले होते. २०१४ मध्ये नियम सैल झाले, तरी लहान गावांतल्या मेडिकलमध्ये ते सहसा नसते. म्हणून पुढच्या तारखेपर्यंत पुरतील इतक्या गोळ्या मुंबईतूनच आणा.

आणि हो, अब्बा सब्र म्हणून दुखणे लपवत असतील. "बरे आहे ना?" असे विचारू नका. "शून्य ते दहामध्ये आज किती दुखते?" असे विचारा, आणि आकडा रोज वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा.