नवा टर्बो बसवाल, पण जुना कशाने गेला?

“टर्बो गेलाय, बदलावा लागेल.” बॉनेट उघडून अर्धं मिनिटही झालं नव्हतं. माझी गाडी 2009 सालची, टर्बो पेट्रोल, मॅन्युअल. मी तिसरा मालक. खंबाटकीच्या चढावर तिची ताकद गळली आणि मागे निळा धूर दिसला. एवढ्या दोन लक्षणांवर गॅरेजने एक लाख दहा हजारांचं एस्टिमेट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. त्यात तपासणीचे पैसे होते शून्य. माझं भांडण त्या शून्याशी आहे.

गंमत म्हणजे गॅरेजवाला बरोबर होता. टर्बो खरंच गेला होता. पण गाडीच्या फाइलमध्ये आधीच्या मालकाचं एक बिल सापडलं: चौदा महिन्यांपूर्वी टर्बो नवा बसवलेला! म्हणजे हा दुसरा बळी. पहिला कशाने गेला, हे तेव्हा कुणीच विचारलं नव्हतं.

टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो. तो बेअरिंगला टेकत नाही, ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. पेट्रोल गाडीत त्याच्या एका टोकाला नऊशे अंशांच्या घरातला एक्झॉस्ट असतो. असा भाग आपण होऊन क्वचितच मरतो. ऑइल कमी पोचलं, घाण पोचलं, किंवा फाटक्या एअर फिल्टरमधून खडा आत गेला की मरतो. घाट दामटून चढायचा आणि वर पोचल्या पोचल्या चावी फिरवायची, की आत थांबलेलं ऑइल भाजून त्याचा कोळसा होतो. तो बारीक ऑइल पाइपात थरावर थर बसतो. त्याच पाइपला नवा टर्बो जोडला की तोही उपाशी मरतो, आणि मग “पार्ट डुप्लिकेट निघाला” म्हणायला सगळे मोकळे.

बरं, धूर आला म्हणजे टर्बो गेलाच असंही नाही. टर्बोमधलं ऑइल खाली उतरतं ते स्वतःच्या वजनाने. इंजिनाचा ब्रीदर चोंदला की क्रँककेसमध्ये दाब वाढतो, ऑइलला उतरायला वाट राहत नाही, आणि धडधाकट टर्बोही धूर ओकतो. नुसती ताकद गळली असेल तर इंटरकूलरचा होज फाटलेला असू शकतो, वेस्टगेट अडकलेला असू शकतो. खात्री करायची तर इंजिन थंड झाल्यावर इनटेक पाइप काढून शाफ्ट बोटांनी हलवून बघायचा. आडवा किंचित हलला तर चालतं, ऑइलसाठी तेवढी जागा ठेवलेलीच असते. पुढे-मागे सरकताना जाणवला, किंवा पाती घराला घासल्याच्या खुणा दिसल्या, तर विषय संपला.

ऑफिसात सर्व्हर पडला आणि मी नुसता रीस्टार्ट मारून तिकीट बंद केलं, तर मॅनेजर मला फाडून खाईल. “का पडला?” हे लिहिल्याशिवाय सुटका नसते. इथे मात्र लाखाचा रीस्टार्ट आपण निमूट विकत घेतो.

आणि गॅरेजला एकट्याला शिव्या देऊन भागणार नाही. आपणच तपासणीला पैसे देत नाही. रीमॅपला चाळीस हजार टाकणारे माझे मित्र ऑइल बदलणं मात्र पंधरा हजार किलोमीटरपर्यंत ताणतात. मेकॅनिकची कमाई फक्त पार्टवर ठेवली, तर तो पार्टच विकणार. डोकं चालवायला त्याला कोण पैसे देतंय?

दुसऱ्या मेकॅनिकने तपासणीचे दोन हजार सांगितले. मीसुद्धा “पंधराशे करा ना, दादा” म्हणालोच. त्याने काही न बोलता जुना ऑइल पाइप मधोमध कापून माझ्या हातात दिला. आतून काडेपेटीतली काडीही गेली नसती. मी दोन हजार दिले, आणि बिलावर टर्बोच्या खाली लिहून घेतलं: ऑइल पाइप नवा, ब्रीदर नवा, संप उघडून साफ.