घर सोडतानाचा हिशेब

भाड्याचे घर घेताना आपण चौकस असतो. सोडताना मात्र घाईत असतो. टेम्पो दाराशी उभा, मुलांच्या शाळेची धांदल, नव्या घराची अनामत भरण्याची निकड. अशा वेळी जुन्या घरमालकाने अनामत रकमेतून काही हजार रुपये कापून उरलेले हाती ठेवले, तर बहुतेक कुटुंबे ते निमूटपणे स्वीकारतात. घर फिरले म्हणजे घराचे वासेही फिरतात, असे म्हणून मनाची समजूत घालतात. आमच्या मते येथे समजूत घालण्यापेक्षा हिशेब मागणे अधिक योग्य. आणि हिशेब मागणे म्हणजे भांडणे नव्हे.

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील कितीतरी घरांची मुले नोकरीनिमित्त बंगळुरूस राहतात. तेथे दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत घेण्याची रीत दीर्घकाळ होती. अलीकडे ती पुष्कळ ठिकाणी कमी झाली असली, तरी रक्कम लहान नसते. कित्येकदा आईवडिलांची ठेव मोडूनच ती उभी केलेली असते. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातील कन्या व जावई यांनी दोन वर्षांनंतर तेथील सदनिका सोडली. भाडे २४,००० रुपये, अनामत १,२०,०००. परत आले ८४,५०० रुपये. रंगकाम २४,०००, साफसफाई ६,०००, गिझरची दुरुस्ती ३,५०० आणि संकुलाचे 'घर सोडण्याचे शुल्क' २,००० अशी कपात तोंडी सांगण्यात आली.

उभयतांनी आवाज चढविला नाही. प्रत्येक बाबीची पावती आणि करारातील आधार त्यांनी लेखी मागितला. रंगकामापोटी एक महिन्याचे भाडे कापण्याचे कलम करारात होते व त्याखाली त्यांची सही होती. ते त्यांनी मान्य केले. गिझर त्यांच्याच काळात बिघडला होता, परंतु कारागिराची पावती निघाली २,१०० रुपयांची. साफसफाईविषयी करारात अक्षर नव्हते, आणि घर झाडूनपुसून दिल्याची छायाचित्रे त्यांच्यापाशी होती. संकुलाच्या शुल्काची पावती मालकांना दाखविता आली नाही. अखेरीस ९,४०० रुपये परत मिळाले. रक्कम फार मोठी नव्हे. पण जे देणे लागत होते ते दिले आणि जे लागत नव्हते ते दिले नाही, हे समाधान मोठे.

या वादाचे मूळ एका साध्या भेदात आहे. वापराने होणारी झीज वेगळी आणि निष्काळजीपणाने झालेली नासधूस वेगळी. भिंतीचा रंग काळाने फिकटतो, दाराची बिजागरी सैल होते, उंबऱ्याशी फरशी घासते. याचा मोबदला मालकास दरमहा भाड्याच्या रूपाने मिळालेलाच असतो. फुटलेली काच, जळालेला ओटा, तुटलेला नळ यांची भरपाई मात्र भाडेकरूनेच केली पाहिजे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे १०८ वे कलमही हेच सांगते: करारात वा स्थानिक प्रघातात वेगळे ठरलेले नसेल, तर घर जसे मिळाले तसे परत करावे, वाजवी झीज मात्र त्यातून वगळलेली आहे. २०२१ साली केंद्र सरकारने राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी असे म्हटले असून, रंगसफेदी मालकाच्या कामांत आणि नळ, गिझर, विजेची बटणे यांची दुरुस्ती भाडेकरूच्या कामांत घातली आहे. हा कायदा केवळ नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याखेरीज तो बंधनकारक होत नाही. तथापि न्याय्य वाटणी कोणती, हे समजण्यास तो उपयोगी पडतो.

यासाठी तयारी पहिल्या दिवसापासून हवी. ताबा घेताना प्रत्येक खोलीची तारखेसह छायाचित्रे काढावीत आणि भिंतीवरची ओल, तडे, गळके नळ यांची यादी करून तीवर दोघांच्या सह्या घ्याव्यात. सोडताना करारात ठरलेल्या मुदतीची सूचना लेखी द्यावी, मालकांसमवेत घर एकदा फिरून पाहावे आणि किल्ल्या दिल्याची पोच घ्यावी. अनामतीत वळते करून घ्या, असे परस्पर सांगून शेवटच्या महिन्यांचे भाडे थांबवू नये. त्याने न्याय्य बाजूही लंगडी पडते. कापलेली रक्कम मान्य नसेल, तर उरलेली स्वीकारताना 'बाकीवरील हक्क राखून' असे लिहून कळवावे. पत्रांनी काम भागले नाही, तर वकिलामार्फत नोटीस पाठवावी किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. लोकअदालतीत न्यायालयीन शुल्क पडत नाही, आणि तेथे झालेल्या तडजोडीस न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते. स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे. पैशाच्या वसुलीच्या दाव्यास सामान्यतः तीन वर्षांची मुदत असते, हेही ध्यानी असू द्यावे.

आता एक गोष्ट आपल्याच घरातली. टिळकवाडी, शहापूर, वडगाव येथील आपल्यापैकी अनेकांनी मागची खोली किंवा वरचा मजला शिकावयास आलेल्या मुलांना भाड्याने दिलेला आहे. परगावी आपल्या लेकीच्या अनामतीतून कपात झाली की आपण संतापतो. आणि त्याच महिन्यात वरच्या मजल्यावरील विद्यार्थ्यास, भिंतीवर चार खिळ्यांच्या खुणा दिसल्या म्हणून, साऱ्या खोलीच्या रंगाचा खर्च सांगतो. तो मुलगाही कोणाची तरी ठेव मोडून येथे आलेला असतो. परीक्षा संपवून, ट्रंक उचलून तो निघेल, तेव्हा त्याने मागण्यापूर्वीच कागदावर लिहिलेला हिशेब आणि पावत्या त्याच्या हाती ठेवाव्यात. परक्या शहरात आपल्या मुलांसाठी आपण जो न्याय मागतो, तो आपल्या जिन्यावरून उतरणाऱ्यास प्रथम मिळावा.